दोन वर्षांत चारशे किलोमीटर

मुकुंदा,

तुझ्या तेराव्याला मावाजिलेबी कमी पडली. आचाऱ्याने शंभर पानांचा अंदाज धरला होता, माणसं आली दीडशेच्या वर. लोधीपुऱ्यातली तुमची गल्ली गाड्यांनी अशी तुंबली की दूधवाल्याला सायकल खांद्यावर घेऊन आत यावं लागलं. मी दारात उभा राहून येणाऱ्यांना हात जोडत होतो आणि मनातल्या मनात गाड्या ओळखत होतो. ती राखाडी, जिला तू दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणालास. ती लाल, जिच्यासाठी आपण भर उन्हात रावेरपर्यंत गेलो होतो. तो काळे सरांचा निळा डबा, दारावरच्या पोच्यासकट. सगळ्या जुन्या घेतलेल्या, सगळ्या तू पास केलेल्या, आणि एकीलाही ढकलत आणावं लागलं नव्हतं. मिरवणूकच होती रे. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "बघ, कुणाची दुकानदारी मोठी."

एक गाडी मात्र तिथं नव्हती. ती माझ्या दारात ताडपत्रीखाली उभी होती. तिच्यावरून आपण भांडलो, बारा दिवस बोललो नाही, आणि त्या अबोल्यातच तू निघून गेलास. तेराव्याला सगळे म्हणत होते, "सुरेशभाऊ, तुम्ही दोघं म्हणजे एक जीव." मी मान डोलावत होतो. नाटकं करायची सवय जुनी आहे, ती त्या दिवशी कामाला आली.

ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. भुवया उंचावू नकोस, वाढवून सांगणार नाही. फार वाढवून तरी सांगणार नाही.

तर मंडळी, अख्ख्या बुऱ्हाणपुरात जुनी गाडी घ्यायची झाली की लोक ज्या माणसाला विचारत, त्याला गाडी चालवता येत नव्हती. लायसन नाही, शिकाऊसुद्धा नाही. उषावहिनी स्कूटर चालवायच्या आणि हा मागे पिशवी धरून बसायचा. पण तीस वर्षं गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलेला. कुठली गाडी कधी काय मागते, हे त्याला तोंडपाठ. म्हणायचा, "गाडीचं तोंड मला दाखवू नका. पोटात काय काय बदललंय ते सांगा." गाडी बघायला गेला की गाडीकडे ढुंकून बघत नसे. आधी फाईल मागे. बिलं, सर्व्हिसच्या नोंदी, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. कुणी म्हणालं, फाईल नाही, तर हा चपला घालायला लागे.

आणि मुकुंदा, आपलं नाटक! ते आठवलं की अजून हसू फुटतं. गिऱ्हाईक दुसरंच कुणीतरी असायचं, पण खरेदीदाराचा वेष माझा. जावयाचा गॉगल लावून मी जायचो आणि मूर्खपणाचा असा काही दंगा करायचो की विकणाऱ्याला वाटायचं, आज देवच पावला. "वा, काय रंग! हॉर्न बदलून मिळेल का हो, जरा गाण्याबिण्याचा?" मी स्टेअरिंगवर, विकणारा माझ्या शेजारी, आणि मागच्या सीटवर तू, मांडीवर फाईल घेऊन. नेपानगरला एकाने विचारलं, "हे मागे कोण?" मी म्हणालो, "आमचे मेव्हणे. गाडी चालू झाली की यांना झोप लागते, म्हणून आणलंय. सस्पेन्शनची परीक्षा होते." तू लगेच डोळे मिटलेस. आणि बोट? ते बिलावरच्या किलोमीटरच्या आकड्यावर तसंच.

शहापूरकडचा तो केळीचा व्यापारी आठवतो? केवढी मोठी जीप, आणि फाईल कशी, लग्नाच्या अल्बमसारखी. प्रत्येक बिल प्लास्टिकच्या पाकिटात.

"फाईल लई नीट ठेवलीय हो," तू म्हणालास.

"मग! शौक आहे आपल्याला. एकूणएक कागद जपलाय."

"पाच वर्षांची बिलं, आणि सगळी एकाच पेनाची."

"गॅरेजवाल्याचं पेन तेच असंल ना, भाऊ."

"असंल. पण पाच वर्षं एकच पेन पुरवणारा माणूस मला भेटवा. मला त्याच्याकडून पेन घ्यायचंय. आणि गॅरेजात राहून एका बिलाला ग्रीसचा डाग नाही, म्हणजे साबण कुठला वापरतो तेही विचारीन."

मी भूमिका विसरून स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसलो. व्यापारी आधी लाल झाला, मग तोही हसला, आणि जाताना त्याने आपल्याला केळ्यांचा एक घड दिला. फसवायला आलेला माणूस केळी देऊन परत जातो, हे तुझ्या बाबतीतच व्हायचं.

काळे सरांच्या वेळी मीच उलटा बोललो होतो. तो निळा डबा, दाराला पोचा, आणि फाईल डिक्शनरीएवढी जाड. मी सरांना म्हणालो, "चला सर, ही गाडी नाही, पेशंट आहे." तू तासभर वाचत बसलास. मग माझ्यावर डाफरलास, "नौटंकी, वाचता येतं का तुला? ऑइल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, हे गाडीचं जेवणखाण. जेवणाला आजार म्हणतात का? मोडलं काय ते बघ. काही नाही मोडलेलं. गॅरेज एकच, दर पाच हजार किलोमीटरला. हिच्यावर कुणीतरी जीव लावलाय रे." आणि सरांना म्हणालास, "घेऊन टाका. पोचा दाराला आहे, इंजिनाला नाही."

तुझं सगळं शास्त्र हे एवढंच होतं. जाड फाईलला भिऊ नका, पातळ फाईलला भ्या. तोच बिघाड तीनदा, तीन गावांत, तीन गॅरेजांत दुरुस्त केलेला दिसला की उठा. किलोमीटरचा आकडा बिलागणिक पुढेच गेला पाहिजे. आणि मध्ये मोठी फट दिसली, वर्ष-दीड वर्ष एकही कागद नाही, तर समजा की त्या काळात गाडीने काहीतरी केलंय आणि मालक ते सांगत नाहीये.

आणि तुझा तो रिवाज! वाचून झालं की फाईल मिटायचास, चष्मा काढायचास, आणि गप्प. मी विचारल्याशिवाय निकाल द्यायचा नाहीस. "काय हुकूम, साहेब?" हे मी म्हणायचं, मग तू तोंड उघडणार. एकदा इच्छापूरहून येताना मी विचारायचं विसरलो, तर बसमध्ये अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत बसलास. शनवारा चौकात उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. "काय हुकूम?" म्हटलं, तर म्हणालास, "नाही. घेऊ नका. आणि हे मी चाळीस मिनिटं पोटात धरून आणलंय." त्या दिवशी मी किती हसलो होतो. आज तेच आठवून लिहिणं थांबतंय.

आता त्या गाडीचं सांगतो. हे तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

आमची पल्लवी आसीरगडच्या पुढं सरकारी शाळेत शिकवते. बस तिला हायवेवर सोडते, तिथून आत नऊ किलोमीटर. कधी ट्रॅक्टर, कधी कुणाची मोटारसायकल, कधी पायी. घरी दोन वर्षांचं पोर, संध्याकाळी सातपर्यंत आजीकडे रडतंय. दिवाळीनंतर तिने राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला होता. ज्या नोकरीसाठी चार वर्षं अभ्यास केला, ती नोकरी त्या नऊ किलोमीटरांपायी जाणार होती. म्हणून मी गाडी शोधत होतो. आणि खंडव्याहून ही पांढरी छोटी गाडी आली. स्वच्छ, शांत, एका हातातली. मालक म्हातारे ओव्हरसियर, आता मुलाकडे इंदूरला. विकायला आला तो मुलगा. त्याला गाडीचं काही ठाऊक नव्हतं, "पापाजींची आहे, जास्त चालली नाही" एवढंच. मी तिच्यात बसलो आणि भुललो. पन्नाशी उलटल्यावरही माणूस भुलतो.

त्या रविवारी बुधवारा मोहल्ल्यातल्या माझ्या साड्यांच्या दुकानात तू फाईल वाचलीस. समोर साड्यांचे गठ्ठे, चहा, आणि पाचसहा रिकामटेकडे प्रेक्षक. मी ऐटीत विचारलं, "काय हुकूम?"

"नाही."

"का नाही?"

"हे बघ. इथं एकतीस हजार किलोमीटर. मग दोन वर्षं एकही कागद नाही. मग हे बिल, एकतीस हजार चारशे. दोन वर्षांत चारशे किलोमीटर? गाडी आहे का देव्हाऱ्यातला गणपती? आणि त्याच एका बिलात चारही टायर नवे, बॅटरी नवी, ब्रेकचं सगळं काम. मीटर मागं फिरवलाय, सुरेश. दोन वर्षं कुठंतरी टॅक्सीला पळवली, आणि विकायच्या आधी पावडर लावली. मुलगी बघायला येणार म्हटल्यावर लावतात तशी."

"उभीही असेल ना."

"कुणी दोन वर्षं गाडी उभी करतो? कागदावर नाही ते मी मानत नाही. पल्लवी त्या घाटातनं पोराला घेऊन जाणार. मी हो म्हणणार नाही."

तू शांतपणे बोलत होतास. चिडलो मी. गाडी मला हवी होती, पल्लवीची नोकरी वाचवायची होती, आणि प्रेक्षक बसले होते. प्रेक्षक दिसले की माझी जीभ घसरते, हे तुझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? मी उभा राहिलो, हात पसरले, आणि म्हणालो, "ऐका हो ऐका! जन्मात ज्याने स्टेअरिंगला हात लावला नाही, बायकोच्या मागे पिशवी धरून बसतो, तो आम्हाला गाडी शिकवतोय!"

सगळे हसले. जोरात हसले. मी वाक्यच तसं फेकलं होतं.

मुकुंदा, तू का चालवत नव्हतास ते त्या दुकानात फक्त मला ठाऊक होतं. सातवीत असताना तापीच्या घाटावर तुला पहिली फिट आली. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तुला शब्द दिला होता, की कुणाला सांगणार नाही. पुढे फिट थांबल्या, पण तू चाक कधी हातात घेतलं नाहीस. म्हणायचास, "मला काही झालं तर चालंल रे, समोरच्याला कशाला?" तो शब्द मी चाळीस वर्षं पाळला. त्या रविवारी कुणाला काही सांगितलं नाही, हे खरं. पण तुझ्या त्याच जागेवर सगळ्यांना हसवलं. हे सांगण्यापेक्षा वाईट होतं.

तू फाईल मिटलीस, चष्मा खिशात घातलास, आणि पायऱ्या उतरलास. एक पायरी पायाने दोनदा चाचपलीस. ते मी पाहिलं. तेव्हाच उठायला हवं होतं.

सोमवारी जिद्दीने मी गाडी घेतली. आणि पल्लवीने हातही लावला नाही. "काका नाही म्हणालेत ना, बाबा? मग मी बाळाला घेऊन नाही बसणार." म्हणून ताडपत्री.

पुढचे दिवस काय सांगू. अबोला काय धरायचा, नाटकात काम करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसारखा. तुझं दुकान टाळायला मी मंडईला लांबून जायचो. "चुकलो" म्हणायचं होतं. पण साधं कसं म्हणायचं, काहीतरी झोकात, प्रवेश घेऊन, हार घालून. मावाजिलेबीचा पुडा घेऊन गुडघ्यावर बसायचं असं मनात ठरवलं होतं. रविवार पाहून. लोक जमले असताना. ज्या लोकांसमोर बोललो त्यांच्यासमोरच फेडायचं. कल्पना चांगली होती. माझ्या सगळ्याच कल्पना चांगल्या असतात.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. दुपार. तू आलास. समोरच्या पानटपरीजवळ उभा राहिलास, काखेत पिशवी धरून. माझ्या दुकानात आरसे किती आहेत तुला ठाऊकच आहे. बायकांना साडी लावून बघायला भिंतभर आरसे. मी पाठ करून साड्यांच्या घड्या घालत बसलो आणि तुला आरशातून बघत राहिलो. तू काही बोलेनास. मी काही बोलेना. पिवळ्या साडीची घडी मी चारदा मोडली आणि चारदा घातली. माझ्या मनात एकच, आला आहे तर चढू दे पायऱ्या. आणि तू उभा, कारण तीस वर्षांचा रिवाज असा की आधी मी विचारायचं. दहा मिनिटं झाली असतील. मग तू निघून गेलास.

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

मला तुझा राग आला रे. स्मशानघाटावर उभा असताना राग आला. सकाळी घरी वहिनींना डॉक्टर विचारत होता, आधीचे काही रिपोर्ट? बीपी? शुगर? काही कागद? वहिनींनी कपाट उपसलं. घरात एक कागद नव्हता. लोकांच्या गाड्यांचे फिल्टरसुद्धा कधी बदलले ते तोंडपाठ, आणि स्वतःचं साधं रक्त तपासलेलं नाहीस. कुणी असली फाईल आणून दाखवली असती तर तू चपला घालून निघाला असतास.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पल्लवी म्हणाली, "बाबा, गाडी विकून टाका. आता काका शब्द परत घ्यायला येणार नाहीत." आणि पर्समधला तो कागद काढून टेबलावर ठेवला. सोमवारी देणार होती.

मी फाईल घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, गॉगल न लावता. बिलं तारखेने लावली, जेवणखाण वेगळं काढलं, मोडतोड वेगळी. मोडतोड काही निघाली नाही. फट मात्र होती, जिथं तू बोट ठेवलं होतंस तिथंच. फटीच्या आधीचं प्रत्येक बिल खंडव्याच्या एकाच गॅरेजचं. मग मला सुचलं, की तू असतास तर पुढे काय केलं असतंस. मी बसमध्ये बसलो. त्या गाडीने गेलो नाही. माझीही हिंमत नव्हती.

गॅरेज एका माणसाचं. रफीकभाई. पांढरी दाढी, कोपरापर्यंत काळे हात. मी फाईल उघडली, फट दाखवली. त्याने फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आप भी बुरहानपुर से? यही फाईल की बात पूछने आपके एक दोस्त आए थे. चश्मेवाले. बस से आए थे, अठारह-बीस दिन हुए, मंगल था."

मंगळवार. त्या बुधवारचा आदला दिवस.

मी तिथल्या टायरवर बसलो. त्याने पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. ओव्हरसियर साहेबांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. साहेब घर सोडेनात. गाडी शेडमध्ये उभी. महिन्यातून एकदा रफीकभाई स्वतः जायचा, इंजिन चालू करायचा, गावातनं एक चक्कर मारून आणायचा, टायर एका जागी बसू नयेत म्हणून. कधी साहेबांच्या बायकोला दवाखान्यात न्यायला. झाले ते चारशे किलोमीटर. "बिल? बीमार के घर का क्या बिल बनाता मैं?" मग त्या गेल्या. साहेब इंदूरला निघाले. उभ्या गाडीचे टायर तडकतात, बॅटरी मरते, ब्रेक गंजून धरतात. साहेबांनी सांगितलं, जो कुणी घेईल त्याला धोका होऊ नये, सगळं नवीन टाक. पावडर नव्हती ती, मुकुंदा. निरोपाची तयारी होती.

"मेरे दोस्त ने सुनके क्या बोला?"

"पहले बैठे. चाय पी. फिर ऐसे हँसे कि खाँसी आ गई. बोले, तीस साल में पहली बार काग़ज़ ने मुझे चकमा दिया. बोले, अब उस नौटंकी को बताऊँगा तो पूरे बुधवारे में ढोल पीटेगा." मग रफीकभाईने फाईल माझ्याकडे सरकवली. "मुझसे सब लिखवा के ले गए. दस्तख़त के साथ. बोले, बिटिया काग़ज़ देखे बिना नहीं मानेगी. कैसे हैं वो?"

मी सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

परत आलो ते थेट तुमच्या घरी. वहिनींना विचारलं, बुधवारची पिशवी कुठं आहे? त्यांनी कपाटातून काढून दिली. "तुमचीच आहे, भावजी. मला म्हणाले होते, सुरेशची आहे. तुम्ही विचारलं नाही, मग मीही..." आत एकच कागद, चौघडी घातलेला. काळ्या अंगठ्याचा डाग आणि खाली सही. दोन वर्षांची हकीकत, आठ ओळींत.

"वहिनी, बुधवारी घरी आला तेव्हा कसा होता?"

"हसत होते. म्हणाले, आरशातनं चोरून बघत होता मला. मी पण बघत होतो. दोघंही अडून बसलो. उद्या जातो परत." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "गुरुवारी छातीत जड वाटतंय म्हणाले. गॅस असंल म्हणून सोडा घेतला. म्हणाले, उद्या जाईन."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि त्या रविवारचं सगळं सांगितलं. घाटावरच्या फिटपासून. त्यांना फिटचं ठाऊक होतं, लग्नाच्या आधीच तू सांगितलं होतंस. मला वाटत होतं ते गुपित फक्त माझ्याकडे आहे. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ते चिडले नव्हते, भावजी. दोन दिवस जेवले नाहीत नीट, एवढंच." त्यांना मला समजावायचं होतं. त्या दोन दिवसांचं त्यांच्या तोंडून सहज निघालं.

तो कागद मी पल्लवीला दिला. तिने दोनदा वाचला. अंगठ्याच्या डागावरून हात फिरवला आणि खूप रडली. मग राजीनाम्याचा कागद फाडला. सोमवारी तिने ताडपत्री काढली, पोराला मागच्या खुर्चीत बांधलं, आणि निघाली. आठ वाजून वीस मिनिटांनी फोन आला. "बाबा, पोचले. बाळ झोपलंय. घाटात काहीसुद्धा वाटलं नाही. छान आहे हो गाडी."

फोन ठेवला आणि पायात चपला घातल्या. लोधीपुऱ्याकडे निघालो. जिंकल्याचं सांगायला निघालो होतो, मुकुंदा. चौकापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं.

गाडी खराब निघाली असती तर मला चाललं असतं. टॅक्सीची निघाली असती, मीटर फिरवलेला निघाला असता, भंगारात घालावी लागली असती. तू वर्षभर माझ्या दुकानात बसून गिऱ्हाईकांसमोर माझी उतरवली असतीस, तेही चाललं असतं. मला बरोबर निघायचं नव्हतं रे. फक्त तू एकदा दुकानात यायला हवं होतंस.

हे वाक्य लिहिलं आणि लगेच खोडायला घेतलं. तू आला होतास.